भाजीच्या वाफ्यात येणारी मांजरे

ऑकलंडमध्ये टोमॅटोची रोपे लावण्याचा मुहूर्त म्हणजे लेबर वीकएंड. ऑक्टोबरचा चौथा सोमवार दिवाळीच्या आगेमागे येतो आणि त्या सुमारास आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरामागे मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा यांचे एक-दोन वाफे तयार होतात. माती खणायची, ढेकळे फोडायची, कंपोस्ट मिसळायचे, हाताने सारखे करून बी पेरायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन बघायला जावे तर मधोमध खड्डा, बी उधळलेले, आणि एका कोपऱ्यात मातीच्या ढिगाखालून येणारा तो ओळखीचा वास. आसपासच्या मांजरांनी रात्रीतून आपल्या वाफ्याचा संडास करून टाकलेला असतो!

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत हा विषय हमखास निघतो आणि प्रत्येकाकडे एक रामबाण उपाय असतो. कोणी मिरचीपूड सांगतो, कोणी संत्र्याच्या साली, कोणी कपाटातल्या डांबराच्या गोळ्या. यातले काही उपाय निरुपयोगी आहेत, काही चक्क धोक्याचे आहेत, आणि जे खरोखर चालतात ते फारसे कोणी सांगत नाही. मी डॉक्टर नाही. माउंट रॉस्किलला घरामागे गेली बावीस वर्षे भाजी लावते, एवढाच माझा अधिकार. पण दोन वर्षांपूर्वी सूनबाईंना दिवस गेले तेव्हा या गोष्टीचा मुळापासून विचार करणे भाग पडले. वाफ्यातल्या मांजराचा प्रश्न नुकसानीचा आहे तसाच तो आरोग्याचाही आहे.

आधी मांजराची बाजू समजून घेऊ. आपली विष्ठा उकरून पुरायची ही त्याची उपजत सवय. त्यासाठी त्याला सुटी, कोरडी आणि उघडी माती लागते. पंजाने उकरता आले पाहिजे आणि वळायला हातभर जागा मिळाली पाहिजे. नुकताच पेरलेला वाफा म्हणजे या सगळ्या अटी पुऱ्या करणारी जागा. नॉर्थ शोअर किंवा वेस्ट ऑकलंडला जिथे चिकणमाती आहे, तिथे तर सगळ्या गल्लीत सुटी माती अशी तुमच्या वाफ्यातच असते, मग सगळी मांजरे तुमच्याकडेच येणार. एकदा तिथे वास राहिला की ते त्याच जागी परत येते. म्हणून मांजराला घाबरवत बसण्यापेक्षा सुटी, कोरडी, उघडी या तीन अटींपैकी एखादी मोडून टाकणे जास्त सोपे पडते.

पण त्याहीआधी चोर कोण ते नक्की करावे. ऑकलंडच्या बागांतले काळे ब्लॅकबर्ड पक्षी किडे शोधताना आच्छादन आणि रोपे अशी काही उधळतात की शिव्या मांजराला बसतात. रात्री हेजहॉगही फिरतो. त्याची लेंडी काळी, चकचकीत, उघड्यावर पडलेली असते. मांजराची बहुधा पुरलेली आणि उग्र वासाची. शंका असल्यास रात्री वाफ्याच्या कडेला थोडी कणीक भुरभुरून ठेवावी. सकाळी गोल पावलाचा, चार बोटांचा, नखे न उमटलेला ठसा दिसला तर ते मांजर. पक्ष्यासाठी करायचे उपाय वेगळे असतात, उगीच चुकीच्या प्राण्यावर पैसे घालवू नयेत.

आता आरोग्याकडे वळते. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक सूक्ष्म परजीवी मातीत येतो. उंदीर किंवा पक्षी खाल्ल्यामुळे मांजराला त्याची लागण होते, बहुधा लहान वयात आणि बहुतेकदा आयुष्यात एकदाच. त्यानंतर एक ते तीन आठवडे त्याच्या विष्ठेतून या परजीवीची लक्षावधी अंडी बाहेर पडतात. बाहेर पडल्यावर ती लगेच संसर्गजन्य नसतात, तसे व्हायला एक ते पाच दिवस लागतात. पण त्यानंतर ओलसर मातीत ती वर्षभर आणि त्याहूनही जास्त टिकू शकतात. ऑकलंडची हवा दमट, म्हणजे त्यांना सोयीचीच.

निरोगी माणसाला लागण झाली तरी बहुधा काही कळतही नाही, फार तर फ्लूसारखे चार दिवस. धोका आहे तो गरोदर बाईला, तिला आयुष्यात पहिल्यांदाच ही लागण गरोदरपणात झाली तर. मग परजीवी बाळापर्यंत पोहोचू शकतो, गर्भपात होऊ शकतो किंवा बाळाच्या डोळ्यांना आणि मेंदूला इजा होऊ शकते. दुसरा गट म्हणजे प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसे: केमोथेरपी चालू असलेली, अवयवरोपण झालेली, जास्त स्टेरॉइड घेणारी. न्यूझीलंडमध्ये गरोदरपणाच्या सुरुवातीला जे नेहमीचे रक्त तपासतात त्यात या रोगाची तपासणी नसते. म्हणून बागेत काम करणाऱ्या किंवा घरची भाजी खाणाऱ्या मुलीने आपल्या मिडवाइफला ही गोष्ट आपणहून सांगावी. आमच्या सूनबाईंनी सांगितली, मिडवाइफने सगळे नीट समजावून दिले आणि आमची पुढची वागणूक त्यानुसार ठरली.

आपल्यात एक समज असा की हा मांजर पाळणाऱ्यांचा रोग आहे, आपल्या घरात मांजर नाही म्हणजे आपण सुटलो. दुसरा समज, हा मांसाहारी लोकांचा रोग आहे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मटणातून तो होतो हे खरे, तेव्हा मांसाहार करणाऱ्यांनी मटण नीट शिजवावे. पण शाकाहारी घरातही तो मातीतून आणि न धुतलेल्या भाजीतून येऊ शकतो. आणि आपले जेवण आठवून पाहा! काकडीची कोशिंबीर, मुळ्याचा कीस, चटणीतली कोथिंबीर, पुदिना. आमटी चांगली वीस मिनिटे उकळायची आणि गॅस बंद केल्यावर वरून कच्ची कोथिंबीर भुरभुरायची. शिजवण्याने हा परजीवी मरतो, पण ती वरची कोथिंबीर त्यातून सुटते.

भाजी मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवायची आपल्याकडे पद्धत आहे. पूर्वी पोटॅशियम परमँगनेटचे गुलाबी पाणीही करत. इतर बाबतीत त्याचा थोडाफार उपयोग असेल, पण या परजीवीच्या अंड्याचे कवच इतके चिवट असते की ब्लीचनेसुद्धा ते दाद देत नाही. उपयोग होतो तो वाहत्या पाण्याचा आणि चोळण्याचा. कोथिंबिरीची जुडी मुळे कापून, काड्या सुट्या करून नळाखाली धरावी आणि बोटांनी चोळावी. मुळा, गाजर ब्रशने घासावे. भाजी चिरायच्या आधी धुवावी, नंतर नव्हे. बागेतून आल्यावर हात साबणाने, नखांसकट. गरोदर बाईने वाफ्यात काम करायचेच असेल तर हातमोजे घालून करावे, आणि मांजराची घाण काढण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करावे. आमच्याकडे ते काम चिरंजीवांकडे गेले. ते रोजच्या रोज करणे महत्त्वाचे, कारण ताजी घाण अजून संसर्गजन्य झालेली नसते. खुरप्याने आजूबाजूच्या मातीसकट उचलावी, पिशवीत बांधून साध्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकावी. फूड स्क्रॅप्सच्या छोट्या बिनमध्ये नाही, आणि घरच्या कंपोस्टमध्ये तर अजिबात नाही. घरच्या ढिगात एवढी उष्णता तयार होईलच असे नसते.

हे सगळे कळल्यावर मी एक बदल केला, आणि या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्यावी. पूर्वी मी भाज्या ऊन पाहून लावत असे. आता आधी ठरवते की कोणती भाजी कच्ची खायची आणि कोणती शिजवून. कच्ची खायची ती, म्हणजे कोथिंबीर, मुळा, पुदिना, लेट्यूस, कांद्याची पात, ही सगळी एका वाफ्यात आणि तो वाफा पूर्ण बंदोबस्तात. शिजवायची ती उघड्यावर असली तरी चालते. दुधी, दोडका, घेवडा मांडवावर चढवले की फळ जमिनीला लागतही नाही. अळू एकदा दाटला की मांजराला आत वळायला जागा नसते, आणि अळू आपण कच्चा खातच नाही, घसा खवखवेल! ज्या वाफ्यात मांजराने घाण केल्याचे नक्की माहीत आहे, तिथे पुढचे वर्ष-दीड वर्ष मी कोशिंबिरीची भाजी लावत नाही, वांगी किंवा बटाटे लावते. या मांडणीला एक पैसाही लागत नाही.

बंदोबस्ताचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षटकोनी भोकांची तारेची जाळी. इथे तिला चिकन वायर म्हणतात. बनिंग्ज किंवा मायटर टेनमध्ये तिची गुंडाळी मिळते. बी पेरल्यावर ती वाफ्यावर सपाट अंथरायची, कडा मातीत दाबायच्या आणि जाड तारेच्या आकड्यांनी पक्क्या करायच्या. वर पातळसे आच्छादन टाकले तरी चालते. मेथी, पालक, कोथिंबीर त्या भोकांतून सरळ वर येतात आणि कात्रीने कापून घेता येतात. मांजराने पंजा टाकला की तार लागते, उकरता येत नाही, ते दोन मिनिटांत नाद सोडते. त्याला इजा काही होत नाही. मुळा-गाजराला मात्र अशी सपाट जाळी कामाची नाही, उपटताना जाळीसकट वर येते. त्यांच्यासाठी प्लॅस्टिकच्या पाइपच्या कमानी करून त्यावर जाळी ताणावी. ही वरची जाळी बारीक भोकांची आणि ताठ हवी. सैल जाळीत पक्षी आणि हेजहॉग अडकून मरतात.

टोमॅटो, मिरची, वांगी यांच्या रोपांभोवती मी बांबूच्या काड्या उभ्या खोचते, वीतभर अंतरावरही नाही, त्याहून जवळ. मांजराला बसायला जागाच उरत नाही. कबाबाच्या काड्या वापरल्यास टोकदार बाजू मातीत ठेवावी. वाकून काम करताना डोळ्याला लागू शकते, आणि घरात नातवंडे असतील तर काड्या जाड आणि लांब घ्याव्यात. कढीपत्त्याच्या कुंडीत मोठे गोटे पसरावेत. कुंडी म्हणजे मांजराला तयार भांडेच! गुलाबाची छाटणी झाली की त्या काटेरी फांद्या फेकू नयेत, रिकाम्या वाफ्यावर पसरून ठेवाव्यात. आणि वाफा रिकामा असेल तेव्हा तो उघडा ठेवूच नये. हिवाळ्यात मोहरी किंवा बाकला टाकून द्यावा, जमीनही सुधारते.

पाणी हा दुसरा साधा उपाय. मांजराला ओली माती आवडत नाही, म्हणून पेरणीनंतर संध्याकाळी पाणी द्यावे. हालचाल टिपून फवारा उडवणारे स्प्रिंकलरही मिळतात आणि ते चालतात, पण चांगला घ्यायचा तर शंभर डॉलरच्या आसपास खर्च आहे, आणि आपल्याकडे पाणी मीटरवर. शिवाय २०२०च्या दुष्काळात ऑकलंडमध्ये बागेच्या नळीवर बंदी आली होती, तशी वेळ आली की हे यंत्र पडून राहते. पोस्टमनलाही एखादवेळी आंघोळ घडते. कानाला ऐकू न येणारा आवाज करणारी यंत्रेही विकायला असतात. ब्रिटनमध्ये २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातल्या एका चाचणीत त्यामुळे मांजरांचे येणे सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले होते. म्हणजे उपयोग आहे, पण तीनांतली दोन मांजरे येणारच. माझे मत विचाराल तर ते पैसे जाळीत घालावेत. माझ्या दोन वाफ्यांची जाळी, कमानी आणि आकडे मिळून साठ डॉलरच्या आत झाले आणि ती जाळी आता तिसऱ्या हंगामात आहे. दुकानात कोथिंबिरीची जुडी तीन-चार डॉलरला घेताना तिच्यावर १५ टक्के जीएसटीही आपण भरत असतो, हे लक्षात घेतले तर हिशेब सोपा आहे. २०२३च्या जानेवारीतला ऑकलंडचा पूर आणि पाठोपाठचे गॅब्रिएल चक्रीवादळ यानंतर कुमारा, म्हणजे आपले रताळे, किती महाग झाले होते ते आठवत असेलच.

खताचाही एक मुद्दा. इथे बागेत सर्रास घालतात ते ब्लड अँड बोन नावाचे खत रक्त आणि हाडांचे असते. आपल्यातल्या शाकाहारी मंडळींना हे अनेकदा ठाऊक नसते. त्याच्या वासाने मांजरे आणि कुत्री दोन्ही माती उकरायला येतात. मासळीचे द्रवखतही तसेच. शीप पेलेट्स किंवा चांगले कुजलेले कंपोस्ट घालावे. आणि कंपोस्टच्या ढिगात उरलेली पोळी, भात टाकू नये. त्यावर उंदीर येतात आणि उंदरांच्या मागे मांजरे.

आता न करण्याच्या गोष्टी. डांबराच्या गोळ्या वाफ्यात कधीही टाकू नयेत. त्यांतले नॅप्थलीन मांजराला विषारी आहे, मातीत आणि भाजीत त्याचे काम नाही, आणि लहान मुलाने गोळी समजून तोंडात घातली तर जीव धोक्यात येतो. रक्तातल्या जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या तांबड्या पेशी नॅप्थलीनमुळे फुटतात, आणि ही कमतरता भारतातल्या अनेक समाजांत आढळते. म्हणजे मांजराला पळवायला आणलेली वस्तू मांजरापेक्षा घातक! मिरचीपूड पहिल्या पावसात वाहून जाते आणि तोवर मांजराच्या पंजाला लागून त्याच्या डोळ्यांत जाते. हे क्रूर आहे आणि मिरचीपूडही फुकट मिळत नाही. टी-ट्री तेलासारखी सुगंधी तेले मांजराच्या अंगाला लागली तर त्याला विषबाधा होते. संत्र्याच्या साली निरुपद्रवी, पण दोन दिवसांत वास गेला की संपले. कोणी सताप लावायला सांगतात. मांजराला त्याचा वास आवडत नाही म्हणतात, पण सतापाचा रस हाताला लागून वर ऊन बसले की कातडीवर फोड येतात, तेव्हा मुलांच्या वाटेवर तो नको.

आणि पाण्याच्या बाटल्या! पुण्या-मुंबईत दाराबाहेर लाल-निळ्या पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. गंमत अशी की न्यूझीलंडमध्येही हिरवळीवर पाण्याच्या बाटल्या ठेवायची लाट आली होती. टीव्हीवर बागकाम सांगणारे ईऑन स्कॅरो यांनी १९८०च्या दशकात एप्रिल फूल म्हणून ही युक्ती सांगितली आणि लोकांनी ती खरी मानली, असे इथले जुने लोक सांगतात. कुत्र्याला तिचा उपयोग नाही, मांजराला तर नाहीच.

ही मांजरे येतात कुठून? कंपॅनियन ॲनिमल्स न्यूझीलंड या संस्थेच्या २०२०च्या पाहणीप्रमाणे या देशात ४१ टक्के घरांत मांजर आहे, एकूण बारा लाखांच्या आसपास. कुत्र्याची नोंदणी कायद्याने सक्तीची आहे, मांजराची देशभर तशी नाही. त्यामुळे तुमच्या वाफ्यात येणारे मांजर बहुधा कोणाचे तरी लाडके असते, भटके नव्हे. आमच्याकडे येणाऱ्या तिघांपैकी दोन बोके शेजारच्या आजीबाईंचे निघाले. मी त्यांच्याकडे मेथीचे पराठे घेऊन गेले, तक्रार घेऊन नव्हे, आणि सूनबाईंची गोष्ट सांगितली. त्या बिचाऱ्या खजील झाल्या. रात्री बोके घरात ठेवायचे त्यांनी कबूल केले आणि स्वतःच्या कुंपणाकडच्या कोपऱ्यात सुटी वाळू टाकली. ही वाळूची युक्ती फार चांगली आहे. मांजराला जवळच जास्त सोयीची जागा मिळाली की ते तिकडे जाते. आपल्या आवारातही लांबच्या कोपऱ्यात अशी जागा करता येते, फक्त ती रोज साफ करावी लागते आणि मुलांच्या वाळूच्या खेळाजवळ नको. मुलांच्या वाळूच्या पेटीला झाकण हवेच.

तिसरी मांजरी खरोखर बेवारशी होती. पलीकडच्या भाड्याच्या घरातले विद्यार्थी घर सोडताना तिला मागे टाकून गेले होते. अशा वेळी काय करावे? मांजर जवळ येऊ देत असेल तर तिच्या गळ्यात कागदाचा पट्टा सैल बांधावा, त्यावर ‘हे मांजर तुमचे आहे का?’ असे इंग्रजीत लिहून फोन नंबर द्यावा. आठवडाभरात कोणाचा फोन आला नाही तर एसपीसीएला किंवा जवळच्या व्हेटला विचारावे. व्हेट मायक्रोचिप तपासून पाहतो. आमच्या मांजरीला चिप नव्हती आणि पोटात पिल्ले होती. मांजरी चार-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते आणि गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा, तेव्हा ‘बघू नंतर’ म्हणण्यात एकाची सहा होतात. ती एसपीसीएमार्फत पुढे एका घरी गेली. एसपीसीएची स्निप अँड चिप नावाची सवलतीत नसबंदी करून देण्याची योजना आहे, मांजर पाळणाऱ्यांनी तिची चौकशी जरूर करावी.

अर्धवट दया मात्र टाळावी. मागच्या दाराशी रोज दूध ठेवायचे आणि वाफ्यात आली की दगड मारायचा, असे आपल्याकडे पुष्कळ घरांत चालते. मोठ्या मांजरांना बहुधा दूध पचतही नाही. खायला घालायचे असेल तर जबाबदारी घ्यावी, नसबंदी करून घ्यावी.

मांजर पकडून गाडीत घालून लांबच्या पार्कात सोडून यायचा सल्लाही मी ऐकला आहे. तसे करू नये. १९९९च्या प्राणी कल्याण कायद्याप्रमाणे प्राण्याला वाऱ्यावर सोडणे गुन्हा आहे. मुद्दाम गंभीर इजा केली तर पाच वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. जिवंत पकडायचा सापळा लावल्यास तो रोज, सूर्योदयानंतर बारा तासांच्या आत तपासावा लागतो. मांजर मारली तर काशीला सोन्याची मांजर दान करावी लागते असे आपली आजी सांगायची, इथे तो हिशेब कोर्टात होतो.

या देशात मांजर हा विषय नाजूक आहे हेही नव्याने आलेल्यांना माहीत असावे. जमिनीवर शिकारी प्राणी नसलेल्या या बेटांवर मांजरांनी पक्ष्यांचा फडशा पाडला. १८९४च्या सुमारास स्टीफन्स बेटावरचा न उडणारा छोटा रेन पक्षी मांजरांमुळेच नष्ट झाला. २०१३मध्ये गॅरेथ मॉर्गन यांनी ‘कॅट्स टू गो’ मोहीम काढली तेव्हा केवढे वादळ उठले! नोव्हेंबर २०२५मध्ये सरकारने रानटी मांजरांचा समावेश ‘प्रेडेटर फ्री २०५०’ मोहिमेत करणार असल्याचे जाहीर केले. ते पाळीव मांजरांना लागू नाही. आपला टॉक्सोप्लाझ्माही या वादात आहे. मेंढ्यांचे गर्भपात त्याने होतात म्हणून त्यावरची मेंढ्यांची लस याच देशात तयार होऊन १९८८मध्ये आली. माणसासाठी लस नाही. पावसाच्या पाण्याबरोबर तो ओढ्यातून समुद्रात जातो आणि मृत सापडलेल्या माउई डॉल्फिनमध्येही आढळला आहे. नॉर्थ आयलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या या डॉल्फिनपैकी वर्षाहून मोठे सुमारे ५४च उरल्याचा २०२०-२१चा अंदाज आहे.

शेवटी आई-बाबांबद्दल. पुष्कळ घरांत वाफा खरा सांभाळतात ते भारतातून आलेले आई-बाबा. बागेत अपघात झाला, मांजराने ओरबाडले किंवा चावले, तर पाहुण्यांनाही एसीसीचा लाभ मिळतो. १९७४पासूनची ही योजना आहे. जी फी भरावी लागते ती थोडीच असते. इथे रेबीज नाही, त्यामुळे पोटातल्या इंजेक्शनांची आठवण काढून त्यांनी घाबरू नये, पण मांजराचा चावा खोल जातो आणि लवकर चिघळतो. जखम साबण-पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावी, टिटॅनसचेही विचारावे. मात्र एसीसी दुखापतीला आहे, आजाराला नाही. मातीतून आजार झाला तर पाहुण्यांचा दवाखान्याचा खर्च आपल्यावर, म्हणून आरोग्यविमा हवाच. सप्टेंबर २०२५मध्ये सुरू झालेल्या पेरेंट बूस्ट व्हिसाला तर तो अटीतच घातलेला आहे. पॉलिसी घेताना आधीपासूनच्या आजारांचे कलम नीट वाचावे.

त्यांना आणखी एक सांगावे. पॉटिंग मिक्स किंवा कंपोस्टची पिशवी तोंडाजवळ धरून फाडू नये. त्या धुळीतून लेजिओनेला हा जंतू फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो आणि साठीच्या पुढे तो जिवावर बेततो. पिशवीवर तशी सूचना छापलेली असते, पण इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत. मास्क लावावा, हातमोजे घालावेत, पिशवी कात्रीने कापावी आणि मिश्रण आधी ओले करावे.

सूनबाईंचे बाळ सुखरूप झाले, ते आता वाफ्याच्या कडेला बसून माती चाखायच्या प्रयत्नात असते, त्यामुळे आमचा बंदोबस्त यंदाही कायम आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी वाफा खणण्यापूर्वी घरमालकाला विचारावे. तो नाही म्हणाला तर मोठ्या टबांत कोथिंबीर छान येते आणि टबावर जाळीचे झाकण चटकन बसते. माझ्याकडे चिकन वायरची साधारण तीन मीटर जाळी उरली आहे. कोणाला हवी असल्यास मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात मला सांगावे, घेऊन येईन. येताना हातमोजे आणावेत, कापलेल्या तारेची टोके बोचतात.